लोगो : शालेय संगणक-कार्यशाळांचा विस्मृत भाषिक आरंभ

शाळकरी मुलांना संगणकासमोर बसवून त्यांच्याकडून आज्ञावली लिहवून घेण्याच्या कार्यशाळा आता आपल्याकडे अपरिचित राहिलेल्या नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या टप्प्यावर असे उपक्रम असावेत, असे सुचविले आहे. ह्या उपक्रमांचा संबंध बहुधा गणिताशी किंवा पुढील व्यवसायाशी जोडण्यात येतो. भाषेच्या अध्यापकाचे तेथे काही काम आहे, असे सहसा कोणी मानीत नाही. परंतु ह्या परंपरेचा आरंभ पाहू गेल्यास चित्र निराळे दिसते. तिच्या उगमापाशी संख्येइतकाच शब्द होता. हा आरंभ कसा झाला, तो मागे का पडला आणि मराठीच्या अभ्यासकाला त्याचे प्रयोजन काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

मुलांसाठी म्हणून रचलेली लोगो ही संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ ह्या संशोधनसंस्थेत तयार झाली. वॉलेस फोयरझाइग, सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि डॅनियल बॉब्रो हे तिचे प्रमुख कर्ते होत. पेपर्ट हे गणितज्ञ होते, आणि जिनीव्हा येथे झाँ पियाजे ह्यांच्या सहवासात त्यांनी काही वर्षे बालकांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास केलेला होता. भाषेचे नाव फोयरझाइग ह्यांनी सुचविले. ग्रीक ‘लोगोस’ म्हणजे शब्द, वचन, विचार. त्यावरून ते घेतले आहे.

हे नाव केवळ शोभेचे नव्हते. त्या काळी प्रचलित असलेल्या फोर्ट्रानसारख्या भाषा प्रामुख्याने आकडेमोडीसाठी होत्या. लोगोची घडण लिस्प ह्या भाषेवरून झाली असल्यामुळे ‘शब्द’ आणि शब्दांची ‘सूची’ हेच तिचे मूळ द्रव्य ठरले. शब्दाचे पहिले अक्षर वेगळे काढणे, ते वगळून उरलेला भाग घेणे, दोन तुकडे जोडून शब्द करणे, शब्द जोडून वाक्य करणे ह्या तिच्या प्राथमिक क्रिया होत. भाषेचे पृथक्करण आणि संयोग हाच मुलांचा पहिला पाठ होता.

२

१९६७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील हॅन्स्कम फील्ड येथील शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांवर पहिला अल्पकालीन प्रयोग झाला. त्यानंतर १९६८-६९ ह्या शैक्षणिक वर्षात लेक्सिंग्टन येथील मझी ज्युनिअर हायस्कूलमध्ये सातवीच्या मुलांना नेहमीच्या गणिताच्या तासाऐवजी वर्षभर लोगो शिकविण्यात आली. शाळेत केवळ टंकयंत्रासारखी उपकरणे होती. ती दूरध्वनीच्या तारेने संस्थेतील संगणकाला जोडलेली असत. पडदा नव्हता, चित्रे नव्हती. कागदावर उमटणारी अक्षरे एवढेच काय ते मुलांना दिसे. त्या मुलांनी ज्या आज्ञावली लिहिल्या त्यांत खेळ होते, इंग्रजी शब्दांचे ‘पिग लॅटिन’ ह्या मुलांच्या गुप्त बोलीत रूपांतर करणाऱ्या आज्ञावली होत्या आणि यदृच्छेने वाक्ये रचणारी यंत्रेही होती.

वाक्यरचनेच्या ह्या यंत्राला भाषाविज्ञानात पूर्वपीठिका आहे. व्हिक्टर यिंग्वे ह्यांनी १९६१ साली मुलांच्या एका पुस्तकातील पहिल्या दहा वाक्यांवरून व्याकरणाचे नियम बांधले आणि त्या नियमांनी संगणकाकडून नवी वाक्ये रचवून घेतली. आपले नियम पुरेसे आहेत की नाहीत हे पाहण्याची ती कसोटी होती. तीच कसोटी लोगोने तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती दिली.

तिचे फळ काय, ह्याचा एक दाखला पेपर्ट ह्यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ (१९८०) ह्या ग्रंथात दिला आहे. जेनी ह्या नावाने उल्लेखिलेल्या मुलीला व्याकरण निरर्थक वाटत असे. वाक्ये रचणारी आज्ञावली लिहिताना, कोठला शब्द कोठल्या जागी यावा हे यंत्राला सांगण्यासाठी, तिला शब्दांचे गट पाडावे लागले. आणि नामे व क्रियापदे असे भेद कशासाठी केलेले असतात ह्याचा उलगडा तिला त्या कामातच झाला.

तथापि एका दाखल्यावर फार मोठी इमारत उभारणे योग्य नव्हे. रॉय पी आणि मिडियन कर्लंड ह्यांनी १९८४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे केलेल्या अभ्यासात, लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनशक्ती इतर मुलांहून अधिक वाढल्याचे आढळले नाही. आज्ञालेखनाने बुद्धी सर्वांगांनी तल्लख होते, हा दावा म्हणून टिकत नाही. जेनीच्या दाखल्याचा अर्थ त्याहून मर्यादित, पण अधिक निश्चित आहे : ज्या द्रव्यावर मूल काम करते, त्या द्रव्याची रचना त्याला कळते.

३

१९६९ नंतर हे काम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत वाढले आणि लोगोमध्ये ‘कासव’ अवतरले. प्रथम ते जमिनीवर फिरणारे, पेन धरलेले यंत्र होते; पुढे ते पडद्यावर आले. ‘इतके पुढे जा, इतके अंश वळ’ अशा आज्ञांनी ते आकृत्या काढी. मूल स्वतः चालून पाहून तीच आज्ञा ताडून घेऊ शके, हा त्यातील मोठा गुण होता. ह्या कासवाने लोगोला जगभर नेले. परंतु कासव म्हणजेच लोगो असा समज त्यामुळे रूढ झाला आणि शब्द-वाक्यांचा भाग मागे पडला.

भारतात १९८४ साली शासनाने शालेय संगणक-साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला व निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक दिले. ‘साक्षरता’ हा शब्द तेथे आला, पण त्यातील अक्षर कोणत्या लिपीचे, हा प्रश्न कार्यशाळांत क्वचितच विचारला गेला. २००७ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या, लोगोचाच वारसा सांगणाऱ्या ‘स्क्रॅच’मध्ये आज्ञांचे ठोकळे अनेक भाषांत वाचता येतात. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु आज्ञांचे भाषांतर होणे वेगळे आणि मुलाची भाषा हेच कामाचे द्रव्य होणे वेगळे.

४

मराठीत हे द्रव्य किती समृद्ध आहे, ते दोन उदाहरणांवरून दिसेल.

पिग लॅटिनशी जुळणारी आपली ‘च’ची भाषा मुलांना ठाऊक असते. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे आणि आरंभी ‘च’ लावावयाचा : ‘मला भूक लागली’ ह्याचे ‘चलाम चकभू चगलीला’. लोगोच्या दोन-तीन प्राथमिक क्रियांत हे काम व्हावे. प्रत्यक्षात मात्र तेथेच अडचण येते. युनिकोड ह्या संकेतपद्धतीत ‘भू’ हे एक चिन्ह नसून ‘भ’ आणि ऊकाराची मात्रा अशी दोन आहेत. यंत्राला पहिले चिन्ह मागितले तर ते ‘भ’ देते आणि मात्रा निराधार राहते. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर. यंत्र तेथे सहा चिन्हे मोजते. देवनागरी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत २०२३ साली आला. जे मूल बोलताना क्षणात अक्षर तोडते, त्याला ते यंत्राला समजावून सांगताना ‘अक्षर म्हणजे काय’ ह्या प्रश्नाला सामोरे जावे लागते.

दुसरे उदाहरण वाक्ययंत्राचे. नामांची एक सूची आणि क्रियापदांची एक सूची एवढ्यावर मराठीत ‘मुलगी धावतो’ असे वाक्य निघते. म्हणजे नामे लिंगानुसार वेगळी करणे आले : मुलगा धावतो, मुलगी धावते. भूतकाळात ‘मुलीने आंबा खाल्ला’, पण ‘मुलाने पोळी खाल्ली’; क्रियापद आता कर्माकडे पाहते. ‘आईने मुलीला उठविले’ येथे ते कोणाकडेच पाहत नाही. ‘मुलगा’चे ‘मुलाने’ कसे होते, ह्यासाठी सामान्यरूपाचा नियम लिहावा लागतो. परीक्षेसाठी पाठ केलेले कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग अशा रीतीने आज्ञावलीच्या तीन शाखा होतात, आणि नियम चुकला की मुलाच्या कानाला तो तत्काळ खटकतो. ज्या मुलाची घरची बोली प्रमाणभाषेहून वेगळी आहे, त्याला आपल्या बोलीचे नियमही तितकेच काटेकोर असल्याचे येथे प्रत्ययास येईल.

५

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, शालेय संगणक-कार्यशाळा ही भाषेच्या वर्गाला परकी गोष्ट नव्हे. तिच्या आरंभकाळी ती अंशतः भाषेचाच वर्ग होती. तो धागा पुन्हा जुळवावयाचा तर व्याकरणाच्या अध्यापकाने ह्या कार्यशाळांत शिरले पाहिजे, आणि नियमांची मांडणी करताना विद्यापीठातील भाषाविज्ञानाने त्याला साहाय्य केले पाहिजे. ज्या शाळेत यंत्र नाही तेथेही शब्दांच्या चिठ्ठ्या आणि फळ्यावर लिहिलेले नियम एवढ्या साधनांवर वाक्ययंत्राचा पहिला पाठ घेता येईल. नव्या धोरणानुसार अभ्यासक्रमांची आखणी होत असताना हा विचार झाला नाही, तर आपली मुले यंत्राला चित्रे काढावयास शिकवतील. स्वतःच्या वाक्याची घडण मात्र त्यांना पूर्वीसारखीच पाठ करावी लागेल.