तलावाची पाळ आणि पन्नाशीनंतरचे दिवस

पन्नाशी ओलांडली की माणसाचे पंचांग बदलते. सण-समारंभ तेच राहतात. परंतु ते येऊन गेल्यावर हाती उरतात ते साधे सोमवार, मंगळवार, बुधवार. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, चहाचा पेला, वर्तमानपत्र, आजाऱ्यांची भेट, सायंकाळची जपमाळ. तरुणपणी आम्हांस ह्या साखळीची थोडी भीतीच वाटे. सवय जडली की प्रार्थना ओठांवर उरते आणि अंतःकरणातून उतरते, असे सेमिनरीत आम्हांस बजावून सांगितले होते. ते खोटे नव्हते. पण अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे आम्हांस कळले ते भंडारा जिल्ह्यातील सिहोरा गावाजवळच्या एका तलावाच्या पाळीवर.

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा लागते. एका अंगाला बावनथडी, दुसऱ्या अंगाला वैनगंगा आणि पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. जवळच चांदपूरचा मोठा जलाशय व तेथले मारुतीचे देवस्थान. सारा मुलूख धानाचा. आम्ही गेलो तेव्हा जूनचा आरंभ होता. बांध्या कोरड्या पडल्या होत्या आणि आभाळ नुसतेच भरून येत होते. एका जुन्या तलावाच्या पाळीवर पन्नाशी-पंचावन्नचे एक गृहस्थ हातातील काठीने जमीन ठोकीत हळूहळू चालले होते. काय हरवले आहे, असे आम्ही विचारले. हरवले काहीच नव्हते. घुशींनी व खेकड्यांनी केलेली बिळे ते शोधीत होते. दिसेल ते बीळ माती घालून टाचेने दाबीत होते. पावसाळ्यापूर्वी त्यांचे वडीलही हेच करीत असत म्हणे.

ह्या तलावांचा इतिहास मोठा आहे आणि भंडाऱ्याची ओळखच 'तलावांचा जिल्हा' अशी आहे. गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव खोदले गेले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून येताना कोहळी लोकांना बरोबर आणले व त्यांनी हे तलाव बांधले, अशी आख्यायिका आहे. रसेल ह्यांनी संपादिलेल्या १९०८ सालच्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही कोहळ्यांचे हे कसब नोंदलेले आहे. तुमसरच्या बाजूस पोवार शेतकरीही पाण्याच्या कामात तसेच निष्णात. १८५४ साली नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि पुढच्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी दिली. म्हणून ह्या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. आज सरकारदरबारी त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणतात आणि त्याची आद्याक्षरे घेऊन लोक 'मामा तलाव' म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक सांगितली जाते. वसईच्या वाचकांस येथे आपली बावखले आठवल्यावाचून राहणार नाहीत.

तलावाची रचना वरवर पाहता साधी. उताराला आडवी मातीची पाळ, जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा आणि पाणी सोडण्यासाठी वर-खाली भोके असलेला तुडुम. पावसाळ्यात धानाला पाऊस पुरतो. परंतु भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारे धान, ऑक्टोबरात लोंबीवर येते आणि नेमका तेव्हा पाऊस पाठ फिरवतो. त्या शेवटच्या एका पाण्यासाठी हा सारा खटाटोप. ते पाणी मिळाले तर खळे भरते, न मिळाले तर तणस हाती येते.

पण मातीची पाळ एकदा बांधून भागत नाही. दरवर्षी तिला माती द्यावी लागते, झाडांची मुळे पाहावी लागतात, तळाचा गाळ काढून शेतात टाकावा लागतो, पाट मोकळे करावे लागतात. तलाव कोणी खोदला हे गावाला ठाऊक असते. त्याच्या नावाच्या कथा होतात. त्यानंतर शंभर-दोनशे वर्षे दर उन्हाळ्यात पाळीवर माती कोणी टाकली, ह्याची नोंद कोठेही नाही. पोरे तलावात डुंबतात, म्हातारे पाळीवर बसतात. पाळ राखण्याचे काम मधल्या वयाच्या माणसांकडे येते. त्या वयाचे काम दिसत नाही, कारण ते नीट झाले म्हणजे काहीच घडत नाही.

१९५१ सालच्या ३१ मार्चला तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारचे झाले. मालगुजारी जाणे न्याय्यच होते. वेठबिगार व सावकारी ह्यांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांपैकी कोणी त्या व्यवस्थेसाठी अश्रू ढाळणार नाही. आम्हीही ढाळीत नाही. पण तिच्याबरोबर एक सवयही गेली. तलाव आता आपला नव्हे, सरकारचा. तेव्हा पाळीवर माती सरकारने टाकावी. सरकारपाशी अभियंते होते, अंदाजपत्रके होती. पण रोज सकाळी पाळीवरून चालणारे पाय नव्हते. कोणताही तलाव एका दिवसात बुजला नाही. गाळ बोटाबोटाने चढला, काठावर बेशरमाची झुडपे माजली, कडेच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली. राज्य शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. एके काळी उन्हाळ्यातला जो नित्यक्रम होता, त्याची आता योजना करावी लागली.

त्या रात्री मुक्कामी आल्यावर प्रार्थनेचे पुस्तक उघडले आणि आम्ही ओशाळलो. गेली काही वर्षे आम्ही ती प्रार्थना उरकीत होतो. आमच्या मनाची समजूत अशी की, भाव नसताना शब्द म्हणणे म्हणजे ढोंग; तेव्हा अधूनमधून एखादी चुकली तर बिघडले कोठे? एखाद्या संध्याकाळी ती चुके, मग एखाद्या आठवड्यात. आमची चूक सवयीची नव्हती. सवय सोडण्याची होती. घरोघरीही हेच दिसते. पंचवीस वर्षे संसार केलेली जोडपी आमच्याकडे येतात. भांडण काही नसते, मारहाण नसते, केवळ बोलणे थांबलेले असते. कधी थांबले, हे दोघांनाही सांगता येत नाही.

भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. १८८७ साली स्थापन झालेला हा धर्मप्रांत ज्या मिशनऱ्यांनी उभारला, ते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांचे नाव धारण करणारे. हे संत १६०२ साली जिनिव्हाचे बिशप झाले. १६०९ साली त्यांनी भक्तिजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे मूळ एका विवाहित बाईला लिहिलेल्या पत्रांत होते. मठात न जाता, घर, मुलेबाळे व पाहुणेरावळे सांभाळीत पवित्र जीवन कसे जगावे, हा त्याचा विषय. कारागिराची भक्ती वेगळी, विधवेची वेगळी, सरदाराची वेगळी, असे ते मानीत. आणि मोठ्या पराक्रमाचे प्रसंग क्वचित येतात, सौम्यपणा व सहनशीलता ह्यांचे रोज येतात, ह्यावर त्यांचा भर. ग्रंथ निघाला तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. पंचावन्नाव्या वर्षी ते निवर्तले. म्हणजे आमच्याच वयात. नाझरेथच्या घरातील तीस वर्षांविषयीही शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. तेथेही कोणीतरी रोज पाणी भरत होते, लाकूड तासत होते.

ह्या मुलखातले लहान आनंदही त्याच नित्यक्रमाच्या काठावर उगवतात. रोवणी आटोपल्यावरचा पहिला निवांत चहा. धुऱ्यावरच्या तुरीच्या ओल्या शेंगा. धान कापण्यापूर्वीच ओलीत फेकलेल्या लाखोरीची हिवाळ्यातली कोवळी भाजी. ढिवरांच्या जाळ्यातली तलावाची मासोळी आणि त्यांनीच लावलेले शिंगाडे. आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई. तिच्यात दंडार असते, नाटक असते. सासुरवाशिणी माहेरी येतात आणि घराघरांत पाहुण्यांची पंगत बसते. ह्यांतले काहीही विकत घेऊन पुरे होत नाही. त्या त्या दिवसांत तेथे असावे लागते. ह्या तलावांतील हरवलेल्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या साहाय्याने हाती घेतले. त्याच्या मुळाशीही रोज पाण्यात उतरणाऱ्या माणसांचे ज्ञान होते.

निघताना त्या गृहस्थांनी काठी काखेत मारून आम्हांस हात जोडले. आमचा पांढरा झगा पाहून त्यांनी आम्हांस कोणत्या पंथाचे समजले कोण जाणे. "मंडईले या, महाराज," ते म्हणाले, "तवा पाणी भरून राहील." आम्ही दैनंदिनी काढली. दिवाळीनंतरचा रविवार मोकळा नव्हता. सोमवारच्या पानावर सिहोरा लिहिले. तोवर ते पुढच्या बिळाशी जाऊन उभे राहिले होते.