शब्दवेध : अट्रेशिया

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडलेल्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांना हा शब्द वॉर्डात भेटतो. ग्रीक ‘ट्रेसिस’ म्हणजे भोक पाडणं. आधीचा ‘अ’ नकाराचा, आपल्या ‘अशक्य’मधल्या ‘अ’चा सख्खा भाऊ. थोडक्यात, भोकच न पडलेलं.

बाळाच्या तोंडाला फेस येतो, घशातून सरकवलेली नळी साधारण १० सेंटिमीटरवर अडते: अन्ननलिका मध्येच बंद. कधी शीची जागाच नसते.

आपल्याकडे ‘छिद्र’ म्हणजे दोष. ‘छिद्रान्वेषी’ त्यातूनच आला. संस्कृतात ‘अच्छिद्र’ म्हणजे निर्दोष, चक्क स्तुती! या बाळांपुढे मात्र कोश उलटा होतो. इथे छिद्र नसणं हाच दोष, आणि सर्जनने मोकळी करून दिलेली वाट म्हणजे जीवदान.