पीसीव्हीचं कूळ डेअरीत

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण खडकवासल्याच्या आसपास नुसती म्हण राहत नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की पिंपं भरून ठेवावी लागतात, आणि साठवलेलं स्वच्छ पाणी म्हणजे एडिस डासाचं हक्काचं घर. मग डेंग्यूचा ताप येतो, रक्ताची सीबीसी तपासणी होते आणि घरात एकच प्रश्न: प्लेटलेट किती आल्या? त्याच कागदावर रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती हे सांगणारा पीसीव्ही, म्हणजेच हेमॅटोक्रिट, नावाचा आकडा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याचं कूळ शोधत गेलो तर ते निघालं दुधाच्या धंद्यात!

स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यानं १८७८ मध्ये मलई वेगळी करणारं फिरतं यंत्र बनवलं. पुढच्याच दशकात त्याचं लॅक्टोक्रिट आलं: दुधात आम्ल घालायचं, बारीक नळीत भरून गरगर फिरवायचं आणि फॅट थेट खुणांवर वाचायचं. आपल्या दूध संकलन केंद्रांवर चालत आलेली गर्बर चाचणी याच घराण्यातली. स्वीडनमध्येच, लुंडला, माग्नुस ब्लिक्स आणि स्वेन गुस्ताफ हेडिन यांनी नळीत दुधाऐवजी रक्त घातलं. हेडिनचा लेख १८९१ चा. (मध्य आशिया पालथा घालणारा स्वेन हेडिन तो निराळा.) उपकरणाचं नाव ठेवलं हेमॅटोक्रिट. आधी लॅक्टोक्रिट, मग हेमॅटोक्रिट, तेही एकाच देशात. हा योगायोग मी मानत नाही.

यावर आक्षेप असा की, फिरवून द्रव वेगळे करणं प्रयोगशाळांना तसंही ठाऊक होतं, त्यासाठी डेअरी कशाला? फिरवणं ठाऊक होतं, कबूल. पण अरुंद, खुणा केलेल्या नळीत थराची उंची पाहून टक्केवारी वाचायची रीत दूध विकत घेणाऱ्याच्या गरजेतून आली. भाव ठरवायला त्याला झटपट आकडा हवा होता. मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

१९२९ मध्ये हेच मोजणारी विंट्रोबची नळी आली आणि ही तपासणी सगळीकडे रुळली.

डेंग्यूशी तिची गाठ पडली बँकॉकला. १९५८ च्या साथीनंतर तिथल्या बालरुग्णालयात डॉ. सुचित्रा निम्मनित्य आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. या आजारात केशवाहिन्यांच्या भिंतींतून प्लाझ्मा झिरपतो, पेशी आतच राहतात, म्हणून पीसीव्ही चढतो. तो २० टक्के चढला आणि प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या, तर सावध व्हायचं. ताप उतरतो आणि घरचे निर्धास्त होतात, नेमका तेव्हाच हा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या मार्गदर्शनात ही मोजमापं आली. २००९ च्या धोक्याच्या खुणांतही चढता पीसीव्ही आणि झपाट्यानं उतरणाऱ्या प्लेटलेट एकत्र आहेत. नुसता प्लेटलेटचा आकडा पाहून रक्तपेढीकडे धावणाऱ्यांनी हे ‘एकत्र’ ध्यानात घ्यावं.

पीसीव्हीच्या जनकत्वाचा दुसरा दावेदार वॉलेस कोल्टर. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेच्या वहनात पडणारा खंड मोजायची त्याची युक्ती. पेटंट १९५३ चं. आजची बरीच यंत्रं रक्त फिरवतच नाहीत. ती तांबड्या पेशींची संख्या आणि सरासरी आकारमान यांचा गुणाकार करून पीसीव्ही छापतात. म्हणून खरा जनक कोल्टर, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. यंत्र बदललं, पण शंभर भाग रक्तात पेशी किती, हा प्रश्न हेडिनच्या नळीचाच आहे.

मात्र डेंग्यूत सावध करणारी ती २० टक्क्यांची वाढ कशाच्या तुलनेत? आजारापूर्वीचा पीसीव्ही फार थोड्या घरांत नोंदलेला सापडतो. रक्तक्षय असलेल्या बाईचा मूळचा ३० असेल आणि तो ३६ वर गेला, तर वाढ पुरती २० टक्के झाली; रिपोर्टवर मात्र ३६ हा आकडा नॉर्मलच्या रकान्यात बसतो आणि त्यापुढे धोक्याची खूण उमटत नाही. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांतला रिपोर्ट जपून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक रिपोर्टसोबत डॉक्टरांपुढे ठेवायचा.