बुद्धी एक की अनेक?

"पोरगं ढ आहे!" हा शिक्का आपण किती सहज मारतो! नागपूर शहरात काय किंवा आडगावात काय, पाढा चुकला की मुलाचा निकाल लागलाच. पण वाचकहो, बुद्धी ही एकच शक्ती आहे की पुष्कळ शक्तींचा मेळ, हा वाद मानसशास्त्रात शंभराहून अधिक वर्षे चालला आहे.

१९०४ साली इंग्लंडातील स्पिअरमन यांना असे आढळले की, एका विषयात पुढे असणारी मुले बहुधा इतर विषयांतही पुढे असतात. म्हणून त्यांनी सर्व कामांमागे एक सामान्य बुद्धी मानली आणि ज्या त्या कामापुरती एक विशेष शक्ती मानली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ यांनी बुद्धीची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारे मूल ओळखावे आणि त्याला मदत द्यावी, हा तिचा हेतू. आपल्या मुलांना ती जशीच्या तशी कशी चालावी? व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे ती कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बसवली आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पुढे अमेरिकेत गिल्फर्ड यांनी वेगळाच आराखडा मांडला. पाच मानसिक क्रिया, चार प्रकारची सामग्री, सहा प्रकारची फलिते. गुणाकार करा, १२० शक्ती! पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत या आराखड्याच्या आधारे मराठी चाचण्या रचल्या गेल्या.

यातला एक भेद पाहा. "सात नवे किती?" याला उत्तर एकच. "पळसाच्या पानाचे उपयोग किती?" याला उत्तरे अनेक. पहिल्या प्रश्नाला अडखळणारा गुराख्याचा पोर दुसऱ्याला भराभर दहा उत्तरे देईलही.

गिल्फर्ड यांचे १२० कप्पे मात्र पुढच्या तपासणीत टिकले नाहीत. १९९३ साली कॅरल यांनी चारशेंहून अधिक आकडेवाऱ्या पुन्हा तपासल्या. त्यांना दिसला तीन मजली वाडा: तळाला पुष्कळ लहान शक्ती, मधे काही मोठ्या, माथ्यावर सामान्य बुद्धी. म्हणजे 'एक' म्हणणारेही खरे आणि 'अनेक' म्हणणारेही खरे.

तेव्हा गुरुजी, शिक्का मारण्यापूर्वी त्या पोराला दुसराही एक प्रश्न विचारून पाहा. बिने यांची चाचणी मुलाला हात देण्यासाठी होती, शाळेचे दार लावण्यासाठी नव्हे.