वाचा बसली, माणूस नाही : वाचाघाताचा इतिहास

मंडळी, आपण परळीत बसलोय. वैजनाथ म्हणजे वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. तेव्हा सुरुवात आपल्याच बोलीपासून करू. पक्षाघात झाला की आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं’. बोलणं थांबलं की, ‘वाचा बसली’.

हे ‘वारं’ फार जुनं आहे बरं का. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांगितलंय, की कफासह वायू शब्दवाहिनी धमन्यांना झाकतो आणि माणूस मुका होतो, नाकात बोलतो किंवा अडखळतो. म्हणजे दोष नुसत्या जिभेचा नाही, हे त्या वैद्यांनी ताडलं होतं. मेंदूतली जागा दाखवली गेली ती मात्र १८६१ मध्ये, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात.

तिथे लेबोर्न्य नावाचा रुग्ण २१ वर्षं राहत होता. काहीही विचारा, तो म्हणायचा ‘तान, तान’. म्हणून सगळे त्याला ‘तान’च म्हणत. पॉल ब्रोका या शल्यवैद्यानं त्याला विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्यानं पंजा चारदा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस! हिशोब बरोबर होता. फक्त शब्द येत नव्हता. १७ एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकानं त्याचा मेंदू विद्वानांच्या सभेत मांडला. इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात होती.

१८६४ मध्ये त्रूसो यांनी या विकाराला ‘अफेझिया’ नाव दिलं. मराठीत आपण वाचाघात म्हणतो. १८७४ मध्ये वेर्निकेनं दुसरा प्रकार दाखवला. त्यात रुग्ण घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्याला नीट कळत नाही. घरचे समजतात, वेड लागलं.

आता आपल्या भागाचा प्रश्न घ्या. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत उर्दू. अशा माणसाची वाचा गेली, तर आधी कोणती भाषा परत येणार? फ्रान्समध्ये रिबो म्हणाले, सगळ्यांत आधी शिकलेली. १८९५ मध्ये पित्र म्हणाले, आजारापूर्वी सर्वांत जास्त वापरातली. पुढे दोन्ही नियमांना अपवाद सापडले. म्हणून उपचार करणाऱ्यानं रुग्णाच्या सगळ्या भाषांची चौकशी केली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. एक वाक्य न जुळणारा माणूस कधीकधी पाठ असलेली आरती म्हणून जातो. १७४५ मध्ये स्वीडनमध्ये अशा एका रुग्णाची नोंद झाली. तो स्तोत्रं गायचा. १९७३ मध्ये बोस्टनमध्ये याच धाग्यावर सुरांतून बोलणं शिकवायची पद्धत मांडली गेली. आरती आली म्हणजे वाचा परतली असं नाही, पण वाट आहे.

तेव्हा दोन कामं लक्षात ठेवा. अचानक जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर रात्र काढू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायला आधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. दुसरं, घरात असा माणूस असेल तर त्याच्यादेखत ‘यांना काही कळत नाही’ म्हणू नका. एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा. मग थांबा. शेताचा, घराचा निर्णय असेल तर त्यांनाही विचारा. त्या पाच बोटांना उत्तर देऊ द्या.