करवसुली, कोर्टाचा दरवाजा आणि हरेगावची परिषद

बोईसरच्या वस्त्यांमध्येही आता जीएसटीची नोटीस येते. तारापूर एमआयडीसीत ज्यांच्या आईवडिलांनी रोजंदारी केली, त्यांची मुले आज कामगार पुरवण्याचे ठेके घेतात, फॅब्रिकेशनची कामे करतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते. करखात्याच्या अधिकाराला लगाम कसा लागला, हा इतिहास म्हणूनच आपल्याला माहीत हवा.

इंग्रजी अमलात १८७६ च्या बॉम्बे रेव्हेन्यू ज्युरिस्डिक्शन ॲक्टने दोन दावे दिवाणी कोर्टाच्या कक्षेबाहेर ठेवले. एक, जमीन महसुलाच्या आकारणीवरची हरकत. दुसरा, वतनी मालमत्तेबाबत सरकारविरुद्धचा दावा. महार वतनदार या दोन्हींत भरडला गेला. गावाची आणि सरकारची कामे राबून करायची, वर जमिनीची जुडी भरायची, आणि जुडी वाढली तर गाऱ्हाणे त्याच महसूल खात्यापुढे मांडायचे. आकारणारा तोच, वसूल करणारा तोच, न्याय देणाराही तोच!

पुढे मुंबई सरकारने वतनी जमिनींची जुडी वाढवली. तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वतनदारांची परिषद भरली. कोर्टात जे मांडता येत नव्हते, ते लोकांनी मैदानात मांडले. त्या वेळी लागू असलेल्या १९३५ च्या कायद्यानेही महसुलाच्या बाबतीत हायकोर्टाचे मूळ अधिकार रोखून धरले होते.

ही कोंडी संविधानाने फोडली. कलम २६५ सांगते, कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. कलम २२५ च्या परंतुकाने महसुलाबाबत हायकोर्टावर असलेली जुनी बंदी उठवली. आणीबाणीत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने हेच परंतुक काढून टाकले आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते परत आणले. मिळालेला हक्क काढूनही घेता येतो, हे आपण विसरू नये.

काही जण म्हणतील, मग करखात्याला अधिकार देऊच नका. हे आम्हाला मान्य नाही. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती आणि सरकारी दवाखान्यातले औषध करातूनच येते. खोटी बिले फाडून कर बुडवणारा आपल्याच ताटातले काढतो. त्याची झडती झालीच पाहिजे. पण अधिकाऱ्याने कारण लेखी द्यावे, समोरच्याचे ऐकून घ्यावे आणि त्यावर वेगळ्या यंत्रणेची नजर असावी. जीएसटी कायद्याच्या कलम ८३ खाली बँक खाते गोठवण्याचा अधिकार कठोर आहे आणि त्याच्या अटी काटेकोर पाळल्याच पाहिजेत, असे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये राधाकृष्ण इंडस्ट्रीज खटल्यात बजावले.

तरीही अपिलासाठी वादातल्या कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी एक महिना. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वकील आणि सीए असतात. आपल्या ठेकेदाराला मात्र पोर्टलवर पडलेली नोटीस मुदत उलटल्यावर कळते. कोर्टाचा दरवाजा उघडा आहे, पण तिथवर पोचण्याचे भाडे त्याच्या खिशात नसते.

म्हणून आपल्या विहारांत संविधान वाचनासोबत नोटीस वाचनही सुरू व्हावे. हरेगावला जमलेल्या वतनदारांकडे कोर्टाचा मार्ग नव्हता. आपल्याकडे तो आहे, तर तो वापरायला शिकू या.

जय भीम! जय संविधान!