टिपणे कोणाच्या घरी ठेवावीत?

वाचनातील उतारे, घरचे हिशेब, मनात आलेले विचार ही सर्व टिपणे हल्ली आपण दूरच्या कंपन्यांच्या यंत्रांवर ठेवतो आणि त्या सोयीस ‘क्लाऊड’ म्हणतो. ती सोडून घरीच स्वतःचा सर्व्हर चालवावा काय, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांपुढे आहे. साधन नवे, पण प्रश्न जुनाच. आणि पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा इतिहास त्यावर बोलू शकतो.

नेवासे येथे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही; ग्रंथ तगला तो गावोगावच्या नकलांमुळे. परंतु ज्या हातांनी तो राखला त्याच हातांनी तो बिघडविलाही. अशुद्ध पाठ इतके माजले की, शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) पैठणच्या एकनाथांस शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. नकला नसत्या तर शोधावयास काहीच उरले नसते. एकनाथ नसते तर शुद्धाशुद्ध निवडणारे कोणी नसते.

दुसरी साक्ष नगरच्या किल्ल्याची. १९४२ च्या ऑगस्टपासून मौलाना आझाद तेथे स्थानबद्ध होते. हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्यांस उद्देशून त्यांनी पत्रे लिहिली. ती टपालात न टाकता स्वतःजवळच ठेवली. १९४६ मध्ये ती ‘गुबारे खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्याजवळ ठेवण्याचा हा लाभ खरा. पण १९२१ मध्ये कलकत्त्यास त्यांना अटक झाली, तेव्हा घरची हस्तलिखिते पोलिसांनी नेली होती. ती परत आली ती फाटक्या, विस्कटलेल्या पानांच्या ढिगाच्या रूपाने, आणि कुराणाच्या भाषांतराचे व विवरणाचे काम त्यांस पुन्हा करावे लागले. घर म्हणजे तिजोरी नव्हे.

यावरून आम्हांस असे वाटते की, मालकी आणि प्रती या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. घरी सर्व्हर ठेवल्याने मालकी येते. पण वीज जाते, डिस्क बिघडते, चोरीही होते. म्हणून रोज नक्कल काढणे, एक नक्कल परगावी ठेवणे आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून पाहणे, हे कष्ट घरातील कोणीतरी पत्करलेच पाहिजेत. तसे कोणी नसेल त्याने क्लाऊड खुशाल वापरावा. मात्र टिपणे साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतील अशीच सेवा निवडावी आणि दरमहा एक प्रत घरी आणावी. सर्व्हर विकत मिळतो. नकला राखण्याची चिकाटी विकत मिळत नाही. ती आपल्या घरात आहे काय, हे आधी पाहावे आणि मग निर्णय करावा.